पिक-अप गाडी समपातळीत कशी आणावी

रिकामी पिक-अप गाडी सपाट जमिनीवर उभी करून बाजूनें पाहिली, तर तिची पाठ किंचित् उंच व तोंड किंचित् खालीं असल्याचें दिसून येईल. अमेरिकेंत ही गाडी शेतकऱ्यापासून वकिलापर्यंत सर्वांच्या दारांत उभी असते. तेथील लोक या उताराला 'रेक' म्हणतात. हा उतार बहुधा एक-दोन इंचांचा असतो, कांहीं गाड्यांत त्याहून थोडा अधिकहि असतो. पुष्कळांना तो आवडत नाहीं. गाडीनें मान खालीं घातली आहे असें त्यांना वाटतें. म्हणून तोंडाकडील भाग उचलून गाडी समपातळीत आणण्याचा प्रघात तेथें फार आहे. ज्यांनीं सबंध गाडीच चार-सहा इंच उंच करून घेतली आहे, त्यांच्या गाडींतहि पाठीचा व तोंडाचा फरक पुष्कळदां तसाच राहतो, आणि मग तो निराळा काढावा लागतो.

आमच्या वरच्या वर्गांतील मुलें अशा गाड्यांचीं चित्रें मोबाइलवर मोठ्या आवडीनें पाहतात आणि हें काम घरच्या अंगणांत करतां येतें का, असें विचारतात. या प्रश्नाचें उत्तर एका शब्दांत देण्याजोगें नाहीं. शिवाय त्या उत्तरांत तरफ, स्थितिस्थापकता, गुरुत्वमध्य व प्रकाशाचा सरळ मार्ग हे चारहि पाठ आपोआप येतात. तेव्हां तें येथें सविस्तर देण्याचें योजिलें आहे.

प्रथम हा उतार ठेवतात कशासाठीं, तें पाहूं. पिक-अपचा मागील भाग म्हणजे ओझ्याची जागा. तेथें पोलादी पाट्यांची स्प्रिंग असते आणि ती ओझ्याच्या प्रमाणांत दबते. समजा, ३०० किलो ओझें ठेवल्यावर पाठ ५ सेंटिमीटर बसते. रिकामी असतांना पाठ ५ सेंटिमीटर उंच ठेवली असेल, तर ओझें घातल्यावर गाडी बरोबर आडवी होईल. म्हणजे कारखानदारानें गाडी वांकडी केलेली नसून, भरलेली असतांना सरळ व्हावी या हिशेबानें ती रिकामी असतांना कललेली ठेविली आहे. रिकामी असतां सरळ केलेली गाडी ओझें घेतल्यावर तोंड वर करील, हें यावरून उघड होतें.

मागें ट्रेलर जोडला म्हणजे हा परिणाम अधिक स्पष्ट दिसतो. ट्रेलरच्या एकंदर वजनाच्या शेंकडा १० ते १५ इतका भार त्याच्या दांड्यावाटे गाडीच्या आंकड्यावर पडावा, अशी पद्धत आहे. हा आंकडा मागील आंसाच्याहि मागें असतो, म्हणून मागील चाकें तरफेच्या टेकूसारखीं वागतात. पुढील व मागील आंसांतील अंतर ३.७ मीटर, आंकडा मागील आंसापासून १.२ मीटर मागें, व त्यावरील भार ३०० किलो धरा. तीनशेंला १.२ नें गुणून ३.७ नें भागलें असतां सुमारें ९७ येतात. इतके किलो वजन पुढील चाकांवरून कमी होतें. आणि गाडी वळविण्याचें काम व थांबविण्याच्या कामाचा मोठा वांटा त्याच पुढील चाकांकडे असतो! ज्याला ट्रेलर ओढावयाचा आहे, त्यानें उताराचा कांहीं भाग तसाच राहूं द्यावा, हें माझें स्पष्ट मत आहे. दिसण्यासाठीं म्हणून सगळाच उतार काढून टाकणाऱ्यानें गाडी नेहमीं रिकामीच हांकावी.

आतां पुढील भागाची उंची कोठून येते, तें पाहूं. हल्लींच्या बहुतेक पिक-अप गाड्यांत पुढील प्रत्येक चाक दोन आडव्या हातांवर बसविलेलें असतें. खालच्या हाताला कारागीर 'लोअर आर्म' म्हणतात. त्याचें एक टोंक चासीला बिजागरीसारखें जोडलेलें असतें व दुसरें टोंक 'बॉल जॉइंट' नांवाच्या गोलकसांध्यानें चाकाच्या बाजूस धरलेलें असतें. या हाताच्या मध्यावर कोठें तरी 'स्ट्रट' उभा असतो. म्हणजे शॉकॲब्सॉर्बर व त्याभोंवतीं गुंडाळलेली स्प्रिंग. स्ट्रटचें वरचें टोंक चासीला बोल्टांनीं आवळलेलें असतें.

हा हात म्हणजे निव्वळ तरफ होय. बिजागरीपासून गोलकसांधा ४० सेंटिमीटर व स्ट्रटचा पाय २० सेंटिमीटर अंतरावर आहे, असें समजूं. स्ट्रटच्या डोक्यावर एक इंच जाडीचा धातूचा तुकडा घातला, तर त्याचा पाय एक इंच खालीं जाईल. परंतु चाक त्याच्या दुप्पट अंतरावर असल्यामुळें चाक दोन इंच खालीं जाईल. चाकाखालीं तर जमीन आहे, तेव्हां दोन इंच वर जाते ती गाडी. म्हणूनच दोन इंच उंची देणारा म्हणून विकला जाणारा स्पेसर प्रत्यक्षांत एक इंचाच्या आसपासच जाड असतो, आणि आपल्याला फसविलें असा नवख्याचा समज होतो. तरफेचा नियम उलट बाजूनेंहि लागू आहे. चाकावर ६०० किलो भार असेल, तर या मापाच्या हातांत स्प्रिंगवर १,२०० किलो भार येतो. ही संख्या पुढें उपयोगी पडेल.

दुसरा प्रकार टॉर्शन बारचा. यांत गुंडाळलेली स्प्रिंग मुळींच नसते. एक लांब पोलादी दांडा चासीला समांतर ठेवलेला असतो; त्याचें पुढील टोंक लोअर आर्ममध्यें घट्ट बसतें व मागील टोंक एका लहान लोखंडी तरफेंत, जिला 'की' म्हणतात, अडकविलेलें असतें. चाक वर उचललें कीं दांडा पिळला जातो, आणि पीळ सुटण्याची त्याची धडपड हीच गाडीला तोलून धरते. शेवरोलेच्या अवजड सिल्व्हराडो गाड्यांत ही रचना आहे. आपल्याकडील पालकांना तिचें नवल वाटण्याचें कारण नाहीं. ज्या अँबॅसेडरमधून त्यांनीं लग्नाच्या वरातींत प्रवास केला असेल, तिच्या पुढील भागींहि टॉर्शन बारच होता. ती गाडी २०१४ पर्यंत आपल्या देशांत तयार होत होती.

टॉर्शन बारच्या गाडींत 'की'खालीं एक बोल्ट असतो. तो आवळला कीं दांड्याचें मागील टोंक फिरतें व गाडीचें तोंड वर येतें. सामान कांहींच विकत घ्यावें लागत नाहीं, म्हणून हा उपाय फार लोकप्रिय आहे. बोल्ट आवळल्यानें दांडा अधिक कडक होतो व म्हणून गाडी धक्के देऊं लागते, असें अनेक अनुभवी कारागीरहि सांगतात. धक्के बसतात हें खरें. कारण मात्र चुकीचें आहे. दांड्याचा कडकपणा त्याची लांबी, त्याची जाडी व त्याचें पोलाद यांवर अवलंबून असतो. जाडी दुप्पट केली तर तो सोळापट कडक होईल, लांबी दुप्पट केली तर निम्मा होईल. परंतु बोल्ट फिरविल्यानें यांपैकीं कांहींच बदलत नाहीं. बदलते ती हाताची विश्रांतीची जागा. चाकाला वर जाण्यास १० व खालीं जाण्यास १० सेंटिमीटर वाव होता असें धरा. तोंड ५ सेंटिमीटर उचललें कीं वर जाण्यास १५ व खालीं जाण्यास अवघे ५ उरतात. रस्त्यांत खळगा आला म्हणजे चाक खालीं उतरूं पाहतें, पांच सेंटिमीटर उतरतें आणि हात आपल्या अडणीवर जाऊन आपटतो. तो ठोका बसणाऱ्यांना जाणवतो व दोष बिचाऱ्या दांड्याला लागतो.

या कामांतील मुख्य गोष्ट मला येथेंच सांगावयाची आहे. चाकाला खालीं-वर होण्यास मिळणारी जागा ठरलेली असते. उंची म्हणून आपण जें घेतों, तें या ठरलेल्या जागेंतूनच कोठून तरी घेतलेलें असतें. टॉर्शन बारमध्यें तें खालच्या वावांतून जातें. स्ट्रटच्या डोक्यावर स्पेसर घातला तर हिशेब निराळा होतो: सबंध स्ट्रटच खालीं सरकल्यामुळें, चाक अधांतरीं लोंबलें असतां तें मूळच्या मर्यादेहून दोन इंच अधिक खालीं जातें. त्या वेळीं गोलकसांध्याचा कोन वाढतो. चारहि चाकांना शक्ति पुरविणाऱ्या गाडींत पुढील चाकांकडे जाणाऱ्या आंसांचे सांधे अधिक वांकतात, त्यांवरील रबरी टोप्या घासून फाटतात, आंतील ग्रीज बाहेर पडतें व धूळ आंत शिरते. ब्रेकची रबरी नळी ताणली जाते ती निराळीच. हें सारें नुकसान गाडी उभी असतांना दिसत नाहीं. तें पाहण्यास चाक पूर्ण लोंबकळत ठेवून, खालीं वांकून, सुकाणूचें चक्र दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून पाहावें लागतें.

आधींच उंच केलेल्या गाडीसंबंधीं अधिक जपावें लागतें. चांगल्या प्रतीच्या चार-सहा इंचांच्या सामानांत नुसते तुकडे नसतात. पुढील आंसाची पेटी व हातांच्या बिजागऱ्या यादेखील खालीं आणणारे आधार त्यांत असतात, त्यामुळें सांध्यांचे कोन जवळजवळ मूळच्यासारखे राहतात. अशा गाडीचें तोंड आणखी एखादा इंच उचलणें शक्य असतें. परंतु जिची उंची मुळांत स्ट्रटवरील स्पेसरनेंच आली आहे, तिच्यांत एका स्पेसरवर दुसरा ठेवूं नये. असें रचलेले तुकडे गोलकसांध्याला त्याच्या मर्यादेबाहेर नेतात, आणि तो सांधा निसटला तर चाकच गाडीपासून सुटें होतें. जुन्या गाड्यांत पुढेंहि पाट्यांच्या स्प्रिंगा व अखंड आंस असतो. तेथें आंस व पाटे यांच्यामध्यें ठोकळा घालण्याचा मोह होतो. मागील आंसावर असा ठोकळा कारखान्यांतूनच येतो, म्हणून तो पुढेंहि चालेल असें वाटतें. पण ब्रेक दाबतांना पुढील आंसावर येणारा पीळ फार मोठा असतो व ठोकळा उंच तितका त्याला फिरण्यास वाव अधिक. हें कधींहि करूं नये. अशा गाडीला योग्य वांकाचे नवे पाटेच घालावेत.

पुष्कळदां तोंड उचलण्याऐवजीं पाठ थोडी उतरविणें हेंच शहाणपणाचें असतें. गाडी उंच करतांना मागें जो ठोकळा घातला असेल, तो एक इंचानें कमी उंचीचा घेतला कीं काम होतें. पुढील सांध्यांना हातहि लावावा लागत नाहीं. हा उपाय दुकानदार सहसा सुचवीत नाहींत.

ज्याला तोंडच उचलावयाचें आहे, त्यानें प्रथम मोजमाप करावें. गाडी खरोखर सपाट जमिनीवर उभी करावी, चारहि टायरांतील हवा नेमलेल्या दाबाची असावी आणि रोजचें ओझें गाडींत असावें. मग प्रत्येक चाकाच्या मध्यबिंदूपासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचें अंतर मोजून चार आंकडे वहींत लिहावेत. जमिनीपासून मडगार्डपर्यंत मोजलें तर टायरची झीज व हवा हिशेबांत येऊन घोटाळा होतो. तथापि गाडी किती कलली आहे हें कळण्यास तेंहि एकदां मोजावें. डावी व उजवी बाजू यांत बराच फरक आढळला, तर समपातळीचा विचार बाजूला ठेवून आधीं कोणती स्प्रिंग बसली वा तुटली आहे, तें शोधावें. मोडक्या स्प्रिंगेवर स्पेसर घालणें म्हणजे मोडक्या पायाला उंच टांचेचा बूट घालण्यासारखें आहे.

यानंतर गाडी उचलणें. येथें जीव जातो, म्हणून मुलांनीं हा भाग दोनदां वाचावा. मागील चाकांच्या पुढें व मागें लाकडाचे भक्कम ठोकळे लावावेत, हातब्रेक ओढावा. जॅक हा उचलण्यासाठीं असतो, धरून ठेवण्यासाठीं नव्हे. त्यांतील तेलाचा दाब एका लहानशा रबरी कड्यावर अवलंबून असतो, आणि तें कडें फाटलें तर दोन टनांची गाडी क्षणार्धांत खालीं येते. म्हणून गाडी उचलतांच चासीखालीं दोन्ही बाजूंस जॅक-स्टँड, म्हणजे लोखंडी तिकाटण्या वा चौकटी, ठेवून तिचा भार त्यांवर उतरवावा. जमीन सिमेंटची असावी. मातींत व उन्हानें मऊ झालेल्या डांबरांत स्टँडचे पाय रुततात. विटांचा ढीग वा सिमेंटचे पोकळ ठोकळे कधींहि वापरूं नयेत. ते आधीं इशारा न देतां फुटतात. भार उतरविल्यावर गाडीला बाजूनें हातानें चांगला हिसका देऊन पाहावें, आणि मगच हात आंत घालावा. काढलेलें चाक चासीखालीं आडवें टाकून ठेवावें, म्हणजे स्टँडनें दगा दिला तरी देहाएवढी फट राहते. स्टँडनें दगा देणें ही कल्पना नव्हे. २०२० सालीं अमेरिकेंत लाखो जॅक-स्टँड परत मागविण्यांत आले, कारण भार असतांना त्यांची खीळ दांत्यावरून निसटण्याचा संभव आढळला होता.

दुसरा धोका स्प्रिंगेचा. दाबलेली स्प्रिंग शांत दिसते, पण तींत कार्यशक्ति सांठविलेली असते. तिचा हिशेब सोपा आहे. एक मिलिमीटर दाबण्यास १०० न्यूटन लागणारी स्प्रिंग १०० मिलिमीटर दाबली, तर शेवटीं बल होईल १०,००० न्यूटन, म्हणजे सुमारें एक टन. आणि सांठलेली शक्ति होईल या बलाच्या निम्म्याला ०.१ मीटरनें गुणून आलेली, म्हणजे ५०० ज्यूल. पन्नास किलोचें पोतें एक मीटर उंचीवरून पडतांना जेवढी शक्ति येते, साधारण तेवढी. फरक इतकाच कीं पोत्यासाठीं बाजूला सरतां येतें. स्प्रिंगेचें टोपण डोळ्यांसमोर उडतें.

म्हणून एक गोष्ट पक्की ध्यानांत ठेवावी. स्ट्रटच्या डोक्यावर कडेला तीन-चार लहान नट असतात व मध्यभागीं एक मोठा नट असतो. कडेचे नट स्ट्रटला चासीशीं धरतात, तर मधला नट स्प्रिंगेला दाबून धरतो. वरून बसविण्याच्या स्पेसरसाठीं कडेचेच नट काढावयाचे असतात. सबंध स्ट्रट अखंड बाहेर येतो, स्पेसर त्याच्या डोक्यावर बसतो व पुन्हां आंत जातो. मधल्या नटाला पाना लावूं नये. ज्या प्रकारांत स्पेसर स्प्रिंगेच्या आंत बसवावयाचा असतो, त्यांत तो नट उघडावाच लागतो. तें काम स्प्रिंग दाबणाऱ्या भक्कम यंत्रावर, जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावें. दोन आंकड्यांचें हातानें फिरविण्याचें साधन भाड्यानें मिळतें. त्याचा एक आंकडा घसरला कीं काय होतें, तें वरच्या गणितांत आलेंच आहे. टॉर्शन बारची 'की' बदलतांनाहि दांड्याचा पीळ उतरविण्याचें खास हत्यार लागतें. साध्या शिकंज्यानें तें काम करणारे लोक चित्रफितींत दिसतात. शिकंजा घसरला ती चित्रफीत मात्र सहसा कोणी दाखवीत नाहीं.

बाकीचें काम चिकाटीचें आहे. ब्रेकचा भाग काढला तर तो नळीवर लोंबत ठेवूं नये, तारेनें चासीला टांगावा. चाकाचा वेग मोजणारी बारीक तार ताणली जाणार नाहीं, असें पाहावें. नट आवळतांना अंदाज न करतां टॉर्क पाना वापरावा व गाडीच्या पुस्तकांत दिलेला आंकडा गांठावा. आणखी एक बारकावा आहे, तो घाईंत सुटतो. लोअर आर्मच्या बिजागरींत रबराचे बुश असतात व ते फिरत नाहींत, पिळले जातात. चाक लोंबतें असतांनाच तेथील बोल्ट आवळले, तर गाडी खालीं उतरतांच ते रबर कायमचे पिळलेले राहतात व थोड्याच दिवसांत फाटतात. म्हणून हे बोल्ट प्रथम सैल ठेवून, गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच पूर्ण आवळावेत.

गाडी खालीं आली म्हणजे काम संपलें, असें मानणारे पुष्कळ आहेत. वस्तुतः हात खालीं कलल्यामुळें चाकांचे तिन्ही कोन बदललेले असतात. चाकाचें डोकें आंत-बाहेर कलणें हा एक. दोन्ही चाकांचीं पुढील टोंकें परस्परांजवळ वा दूर असणें हा दुसरा. आणि ज्या रेषेभोंवतीं चाक वळतें ती रेषा मागें कललेली असणें हा तिसरा. सायकलचा चिमटा सरळ उभा नसून तिरपा असतो, तो याच कारणासाठीं. त्यामुळें हात सोडले तरी चाक सरळ राहूं पाहतें. उंची वाढविल्यावर हा तिसरा कोन बहुधा कमी होतो, आणि मग वळणानंतर सुकाणूचें चक्र आपणहून परत येत नाहीं, वेगांत गाडी भरकटते. दुसरा कोन बिघडला तर टायर कांहीं आठवड्यांतच कडेनें खरवडल्यासारखे झिजतात. तेव्हां त्याच दिवशीं गाडी व्हील अलाइनमेंटच्या यंत्रावर न्यावी, तीहि सावकाश. कोन मर्यादेंत येत नाहींत असें कारागीर म्हणाला, तर त्याचा अर्थ उंची जास्त झाली असा होतो. ती कमी करावी किंवा निराळ्या मापाचे वरचे हात घालावेत. दीडशें-दोनशें किलोमीटर चालविल्यावर सर्व बोल्ट पुन्हां तपासावेत.

आतां दिव्यांविषयीं. याचा त्रास गाडीच्या मालकाला न होतां समोरून येणाऱ्याला होतो, म्हणूनच कदाचित् याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. गाडीच्या दोन आंसांतील अंतर ३७० सेंटिमीटर व तोंड ५ सेंटिमीटर वर, तर प्रत्येक ७४ सेंटिमीटरला प्रकाशरेषा १ सेंटिमीटर वर चढेल. जवळच्या प्रकाशाचा दिवा अनेक देशांत दर मीटरला सुमारें १ सेंटिमीटर खालीं झुकलेला ठेवतात. दिवा जमिनीपासून १ मीटर उंच असेल, तर ५० मीटरवर त्या प्रकाशाची वरची कड जमिनीपासून ५० सेंटिमीटरवर पडते. तोंड उचलल्यावर हा झुकाव नाहींसा होतो व रेषा दर मीटरला सुमारें ०.३५ सेंटिमीटर वर जाऊं लागते. दिवाहि सहा-एक सेंटिमीटर वर गेलेला असतो. म्हणजे ५० मीटरवर कड सुमारें १२३ सेंटिमीटर उंचीवर येते. लहान मोटारींत बसलेल्या माणसाचे डोळे जवळजवळ त्याच उंचीवर असतात. बोनेट उघडून दिव्यामागील एक स्क्रू फिरविण्याचें हें पांच मिनिटांचें काम आहे. अलीकडच्या गाड्यांत पुढील अंतर मोजणारा रडार व काचेमागील कॅमेरा हेहि असतात. तोंड वर गेलें कीं त्यांचीहि नजर वर जाते, म्हणून त्यांची जुळणी पुन्हां करून घ्यावी लागते.

गाडी उलटण्याचा प्रश्नहि थोडक्यांत पाहूं. दोन चाकांतील अंतराच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीनें भागलें म्हणजे जो आंकडा येतो, तो जितका मोठा तितकी गाडी स्थिर. अमेरिकन सरकारचें वाहनसुरक्षाखातें २००१ च्या गाड्यांपासून या आंकड्याचा उपयोग करीत आलें आहे. साध्या मोटारींत तो बहुधा १.३ ते १.५ व पिक-अपसारख्या उंच गाड्यांत १.० ते १.३ असतो. चाकांतील अंतर १७० सेंटिमीटर व गुरुत्वमध्य ७३ सेंटिमीटरवर धरल्यास ८५ भागिले ७३, म्हणजे १.१६. नुसतें तोंड ५ सेंटिमीटर उचललें तर गुरुत्वमध्य सुमारें ३ सेंटिमीटर चढतो व आंकडा १.१२ वर येतो. ही घट सावधपणें हांकणाऱ्याला पेलते. परंतु गुरुत्वमध्य १५ सेंटिमीटर चढला तर तो ०.९७ होतो, म्हणजे एकाच्याहि खालीं. उंच गाडीला समपातळीत आणणाऱ्यानें आपण कोणत्या आंकड्यापासून आरंभ करीत आहों, हें आधीं गणून पाहावें.

तोंड उचलण्याची हौस कोठवर जाऊं शकते, याचें उदाहरण अमेरिकेंतील कॅरोलायना प्रांतांत घडलें. तेथें तोंड पुष्कळ उंच व पाठ खालीं अशी गाडी ठेवण्याची तऱ्हा तरुणांत पसरली. चालकाला बोनेटपलीकडचा रस्ता दिसेना, मग रस्ता ओलांडणारें मूल कोठून दिसणार! नॉर्थ कॅरोलायनानें १ डिसेंबर २०२१ पासून, पुढील मडगार्ड मागील मडगार्डपेक्षां चार इंच वा अधिक उंच असेल अशी मोटार रस्त्यावर आणण्यास बंदी केली. व्हर्जिनियानें २०२२ सालीं व साउथ कॅरोलायनानें २०२३ सालीं तसेच कायदे केले. रिकामी असतां समपातळीत असलेली गाडी चार इंच पाठ बसेल एवढ्या ओझ्यानें त्याच आकाराची होते, हें सुज्ञ वाचकांनीं ताडलेंच असेल.

आपल्याकडे कायदा अधिक कडक आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या ५२ व्या कलमान्वयें कारखानदारानें मुळांत नमूद केलेल्या तपशिलाहून निराळें होईल असा फेरबदल मालकाला गाडींत करतां येत नाहीं. २०१९ च्या दुरुस्तीनें अशा प्रत्येक फेरबदलास पांच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरविली. तेव्हां वरील सर्व वर्णन इकडे प्रयोग करून पाहण्यासाठीं नाहीं. परंतु ज्या पालकांच्या घरीं भाजी वा दूध वाहणारी पिक-अप आहे, त्यांना यांतील मोजमापाचा भाग उपयोगी पडेल. गाडी नवी असतांनाच, रिकाम्या स्थितींत, चारहि चाकांच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतचीं अंतरें मोजून गाडीच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावींत व दर सहा महिन्यांनीं पुन्हां मोजावींत. मागील एका बाजूचा आंकडा उतरूं लागला तर पाट्यांपैकीं एखादा तुटला असण्याचा संभव असतो. गाडी धुवून झाल्यावर पाट्यांच्या कडा बॅटरीच्या उजेडांत पाहिल्या, तर ती चीर गंजाच्या तांबूस रेघेनें बहुधा ओळखूं येते.